उतरलेला पंचम

व्हॉल्व्हचा, म्हणजे निर्वात काचनळ्यांवर चालणारा, अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा म्हटलं की जो तो आधी विचारतो, "किती वॅटचा?" दुकानदार विचारतो, मित्र विचारतात, घरचेही विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर आपली खोली, आपले स्पीकर आणि आपण ऐकतो ते गाणं यांच्याकडे मागावं लागतं.

माझी खोली बारा बाय चौदाची. स्पीकर ८८ डेसिबलचे, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज. मी बसतो साधारण तीन मीटरवर. अंतराने आवाज घटतो, भिंती त्यातला थोडा परत देतात, दोन स्पीकर मिळून थोडी भर पडते. सगळा हिशेब केला तर एका वॅटला माझ्या खुर्चीपाशी ८२-८३ डेसिबल पोचतात. घरात बैठकीचं गाणं ऐकायला हा आवाज भरपूर झाला, रात्री तर जास्तच. म्हणजे ख्यालाचा बहुतेक भाग माझ्याकडे एका वॅटच्या आतच वाजतो, आणि संथ आलापीला तर वॅटचा दहावा हिस्साही पुरतो. जास्तीचे वॅट लागतात ते तबल्याच्या थापेला. आवाज तीन डेसिबलने वाढवायचा तर वॅट दुप्पट करावे लागतात. थाप सरासरीच्या वर पंधरा डेसिबल उसळली की एका वॅटचे क्षणभर बत्तीस होतात, आणि पुढच्या क्षणी पुन्हा एकावर यायचं असतं.

खोक्यावर छापलेला आकडा त्या थापेपुरता असतो. बाकी सारी संध्याकाळ जाते पहिल्या वॅटमध्ये. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर निवडायचा तो पहिल्या वॅटवर, असं मी ठरवलं. आणि पहिल्या वॅटमध्ये तपासायचं काय, तर तंबोरा.

यामागे घरचं कारण आहे. आई गाणं शिकलेली, अजूनही शिकवते. आमच्याकडची तंबोऱ्याची जोडी मिरजेची. मिरजेत सतारमेकरांच्या पिढ्यान् पिढ्या हेच काम चालत आलं आहे. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. लहानपणापासून मी आईला घोडीवर सूत सरकवताना पाहत आलो आहे. तारेखालचा तो दोरा केसभर पुढे-मागे केला की इतका वेळ मुका असलेला तंबोरा एकदम बोलायला लागतो. जवारी लागली, असं म्हणतात ते हेच. लाकूड तेच, तार तीच, ताणही तोच. बदलतात ते तारेतून निघणारे सहायक नाद. खर्जाची तार छेडली की तिच्या मूळ सुरावर दुप्पट कंपनांचा सा असतो, त्यावर तिपटीचा पंचम, पुढे चौपटीचा सा आणि पाचपटीचा गंधार. हाच स्वयंभू गंधार. तो कुणी लावलेला नसतो, चारांपैकी एकही तार गंधारात नसते, तरी शांत खोलीत चांगल्या लागलेल्या जोडीतून तो स्पष्ट ऐकू येतो. ध्वनिमुद्रणातही तो असतो, पण फार बारीक आवाजात. तो जपून माझ्या खुर्चीपर्यंत आणणं हे अ‍ॅम्प्लिफायरचं काम, आणि स्वतःचा दुसरा गंधार त्यात न मिसळणं हेही त्याचंच.

इथेच व्हॉल्व्हबद्दलची एक आवडती गोष्ट तपासून घ्यावी लागते. व्हॉल्व्हचा आवाज गोड का, तर तो जी भेसळ करतो ती मुख्यतः दुसऱ्या सहायक नादाची, म्हणजे वरच्या सा ची, आणि ती सुरेल असते, असं सगळीकडे सांगितलं जातं. एका सुरापुरतं हे खरंही आहे. पण जे यंत्र एका सुरात वरचा सा मिसळतं, तेच यंत्र दोन सूर एकत्र आले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे सूरही तयार करतं. तंबोरा एकटा वाजत असेल तोवर हे नवे सूरही तंबोऱ्याच्याच हिशेबात बसतात, कारण सा आणि पंचमाचं नातंच तसं सरळ आहे. मग गायक मारव्याचा किंवा तोडीचा कोमल रिषभ लावतो. आता सा आणि रिषभ यांच्यातून जे नवे सूर निघतात त्यांचं रागाशी काहीच नातं नसतं. त्यातला एक तर सा च्या किंचित खाली येऊन बसतो. कानाला तो वेगळा सूर म्हणून कळत नाही. रिषभाची धार गेली, सा गढूळ झाला, एवढंच जाणवतं. म्हणून माझ्या परीक्षेत नुसता तंबोरा नव्हता. तंबोऱ्यावर ठेवलेला कोमल रिषभ होता, तोही हळू आवाजात.

हे सगळं मला सुचलं ते मात्र बुधवार पेठेतल्या एका काकांमुळे. पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची जी दाटी आहे तिथे त्यांनी उभी हयात मर्फी, बुश आणि फिलिप्सचे रेडिओ दुरुस्त केले. आता दुकान नाही, पण घरच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न अजून तापलेलं असतं. मी कॅटलॉग घेऊन गेलो की ते चष्मा वर करून विचारायचे, "वजन किती लिहिलंय?"

"काका, मी तुम्हाला व्हॉल्व्ह कोणता ते विचारतोय."

"व्हॉल्व्ह काय रे, उद्या गेला तर दुसरा लावशील. आउटपुट ट्रान्सफॉर्मर कुठून आणणार? आधी उचलून बघ. मग ऐक."

उचलून बघण्यात किती शास्त्र आहे हे पुढे वाचत गेलो तसं कळत गेलं. व्हॉल्व्हच्या काचेत होतं काय, तर तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि प्लेटकडे धावतात. इंग्लंडमध्ये फ्लेमिंगने १९०४ मध्ये इथपर्यंतचा व्हॉल्व्ह केला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्टने मध्ये तारेची जाळी घातली आणि त्या जाळीवरच्या नाममात्र दाबाने मोठा प्रवाह कमी-जास्त करता येऊ लागला. ध्वनिवर्धन सुरू झालं ते तिथून. पण प्लेटला लागतात तीनशे-चारशे व्होल्ट, आणि तिच्यातून वाहतात जेमतेम काही डझन मिलिअँपिअर. स्पीकरला हवं याच्या बरोबर उलटं, थोडे व्होल्ट आणि भरपूर प्रवाह. ईएल३४ व्हॉल्व्हच्या जोडीला साडेसहा हजार ओहमच्या आसपासचा भार मानवतो, स्पीकर असतो आठ ओहमचा. या दोघांची गाठ घालून देतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. गाण्याचा एकेक कण लोखंडाच्या पत्र्यांतून आणि तांब्याच्या वेढ्यांतून पार होतो. खर्ज नीट जायचा तर लोखंड भरपूर हवं, वेढे भरपूर हवेत. वेढे वाढवले की वरचे बारीक नाद अडतात, म्हणून ते थरांवर थर, एक आड एक असे गुंफावे लागतात. हे काम वेळखाऊ आणि महाग आहे, आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणूनच स्वस्त यंत्रात काच छान चमकते आणि लोखंडात हात आखडलेला असतो. विल्यमसन नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने १९४७ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात अ‍ॅम्प्लिफायरचा जो आराखडा दिला, तो पुढे जगभर हौशी लोकांनी घरोघरी बनवला. त्याचाही सगळा भर ट्रान्सफॉर्मरवरच होता.

काकांनी दुसरी गोष्ट शिकवली ती उघड्या यंत्रापाशी. त्यांचा डावा हात कायम खिशात. बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट दबा धरून असतात, आणि दोन्ही हात आत घातले तर विजेची वाट छातीतून जाते. ते आधी एका रेझिस्टरने कंडेन्सर रिकामा करायचे, मीटर लावून आकडा खाली येताना बघायचे, मगच डावा हात बाहेर. व्हॉल्व्ह हातात घेतला की तो उजेडाकडे धरून त्याच्या डोक्यावरचा चंदेरी डाग बघायचे. तो बेरियमचा थर असतो. काचेत चुकून राहिलेला वायू तो शोषून घेतो. डाग आरशासारखा असला तर निर्वात शाबूत आहे. काचेला तडा जाऊन हवा आत शिरली की हाच डाग पांढराफटक पडतो, आणि असा व्हॉल्व्ह सॉकेटात घालायचासुद्धा नाही. जुने व्हॉल्व्ह विकत घेताना मी आजही सगळ्यात आधी हेच बघतो.

आता त्या उतरलेल्या पंचमाबद्दल.

एका गृहस्थांचा जुना परदेशी अ‍ॅम्प्लिफायर विकायचा होता. त्यांनी तो घरी नेऊन ऐकायची मुभा दिली. मी लावला, व्हॉल्व्ह तापू दिले, अजून रेकॉर्ड लावली नव्हती. आई आतून आली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "पंचम उतरलाय. लाव ना नीट." तंबोरा कोपऱ्यात गवसणीत होता. मी म्हटलं, "आई, काहीच वाजत नाहीये." ती स्पीकरजवळ गेली, कान दिला, आणि आपला पंचम त्याच्या शेजारी गुणगुणून दाखवला. दोघांत स्पष्ट अंतर होतं.

मी कागद घेऊन बसलो. घरात त्या वेळी सूर चालू होता काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. त्याचा मध्य सा १३८.६ हर्ट्झ, खर्ज ६९.३, आणि तंबोऱ्याच्या पहिल्या तारेचा मंद्र पंचम १०४. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ती एकदिश केली की उरणारी थरथर दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची होते. अ‍ॅम्प्लिफायरचा हम म्हणतात तो हाच. काळी एकमध्ये बसलेल्या माणसाला तो पेटीतल्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहूनही जास्त उतरलेला पंचम म्हणूनच ऐकू येणार! आईचा कान बरोबर होता, हिशेब फक्त तिच्या मागून गेला. पाश्चात्त्य संगीतात रागदारीसारखा अखंड षड्ज-पंचम नसतो, त्यामुळे तिथे थोडासा हम वाद्यवृंदात झाकून जातो. आपल्याकडे चाळीस मिनिटं एकच पंचम वाजत असतो आणि त्याच्या शेजारी हा दुसरा, उतरलेला, तितकाच चिवट. दोन्ही मिळून तंबोऱ्याची जवारी खाऊन टाकतात.

काकांनी यंत्र उघडलं आणि लगेच सांगितलं की फिल्टर कंडेन्सर वाळले आहेत. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरला वय असतं, पंधरा-वीस वर्षांनी ते बदलावेच लागतात. ते बदलल्यावर हम बराच उतरला, पण आमच्या खोलीला पुरेल इतका नाही, कारण त्याच्या मूळ रचनेतच चोक, म्हणजे ही थरथर गाळणारं तारेचं वेटोळं, नव्हता. यंत्र परत केलं. तेव्हापासून मी कुठेही ऐकायला गेलो की काही लावण्याआधी स्पीकरला कान लावतो. ही शांतता पैसे देऊन विकत घ्यायची गोष्ट आहे. भारी अ‍ॅम्प्लिफायरच्या किमतीतला मोठा भाग तिच्यासाठीच असतो: मोठा मेन्स ट्रान्सफॉर्मर, चोक, विचारपूर्वक बांधलेलं अर्थिंग. जाहिरातीत यातलं काही दिसत नाही.

त्यानंतर मन लावून ऐकलेली यंत्रं तीन, आणि तिघांची घराणी वेगळी.

पहिलं ३००बी व्हॉल्व्हचं, सिंगल-एंडेड, म्हणजे एका चॅनेलला एकच व्हॉल्व्ह. वेस्टर्न इलेक्ट्रिकने हा व्हॉल्व्ह १९३८ मध्ये काढला. तो दिवाणखान्यासाठी नव्हता. टेलिफोनच्या आणि सिनेमाघरांच्या यंत्रणेत राबण्यासाठी होता. ताकद आठेक वॅट. त्याला घरातल्या संगीताच्या सिंहासनावर बसवलं ते मुख्यतः जपानी रसिकांनी, आणि का बसवलं हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मी मल्लिकार्जुन मन्सूर लावले होते. गळा खोलीत आला. स्वर सोडताना श्वास कुठे वळतो, ओठ कुठे मिटतात, हे इतकं जवळून मी त्याआधी यंत्रावर ऐकलं नव्हतं. कोमल रिषभही धारदार राहिला, कारण इतक्या हळू आवाजात ३००बी मध्ये भेसळ फारच थोडी होते. मात्र खर्ज फुगला. ६९ हर्ट्झची तार छेडली की ती सैल होऊन रेंगाळत होती.

याचंही कारण आहे. अशा यंत्राचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला अडथळा, दोन-तीन ओहम असतो. माझे स्पीकर कागदावर आठ ओहमचे असले तरी ६०-७० हर्ट्झच्या आसपास त्यांचा अडथळा तीसच्या घरात जातो. तिथे असा अ‍ॅम्प्लिफायर दोन-एक डेसिबल जास्त देऊन बसतो आणि स्पीकरच्या पडद्याला आवर घालण्याची ताकदही त्याच्याकडे कमी असते. नेमकी तिथेच काळी एकची खर्जाची तार. शिवाय तबला द्रुत लयीत आला की आठ वॅट आणि ८८ डेसिबल यांचं गणित जमत नाही. थाप बोथट होते. दोष व्हॉल्व्हचा नाही. माझ्या स्पीकरशी त्याची सोयरीक जुळत नव्हती.

दुसरं मॅकिन्टॉशचं एमसी२७५. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला १९६१ मध्ये जन्मलेलं हे यंत्र मध्ये वीसेक वर्षं बंद पडून १९९३ मध्ये पुन्हा आलं. चॅनेलला ७५ वॅट, चार केटी८८ व्हॉल्व्ह. त्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन तारा शेजारी-शेजारी धरून एकत्र गुंडाळतात आणि भार प्लेट व कॅथोड या दोघांवर विभागतात. ही त्या कंपनीची खासियत. ऐकताना खर्ज पक्का, तंबोरा लख्ख, स्पीकरला कान लावला तरी घूं नाही. दोष काढायला मला जागा सापडली नाही. भीमसेनजींची तान त्यावर अशी जाते की छातीत हवा भरून येते. पण ते नुसतं पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आहे, प्रीअ‍ॅम्प्लिफायर वेगळा घ्यावा लागतो. किंमत, जागा आणि उष्णता, तिन्ही दुपटीने वाढतात. आणि ७५ वॅटांपैकी माझ्या खोलीत चाळीसेक कायम निवृत्त राहणार. मोठा दिवाणखाना आणि तहानलेले स्पीकर असतील त्याने मात्र दुसरीकडे बघू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तिसरं जपानी. ओसाकाजवळच्या अमागासाकी गावच्या लेबेनचं सीएस६००. त्यात ईएल३४ची पुश-पुल जोडी चालते, हवी तर ६एल६जीसीही. ताकद चॅनेलला तीसेक वॅट. पुश-पुलमध्ये दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या उलट चालतात. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि दोघांनी केलेली दुसऱ्या सहायक नादाची भेसळ ट्रान्सफॉर्मरमध्ये आमनेसामने येऊन बरीचशी विरते. सिंगल-एंडेडमध्ये एकाच दिशेचा प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून सतत वाहतो, म्हणून त्याच्या लोखंडात फट ठेवावी लागते आणि तोच खर्ज हवा असेल तर आकार बराच वाढवावा लागतो. पुश-पुलला ते ओझं नाही. यावर टीकाकार म्हणतात की पुश-पुलमध्ये एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे सूत्रं जाताना सांध्यात खोट राहते. ती बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून एरवी वाहणारा प्रवाह, आवळून ठेवलेल्या यंत्रांची गोष्ट. चांगल्या यंत्रात पहिले काही वॅट दोन्ही व्हॉल्व्ह अखंड जागे असतात, आणि मला तर पहिलाच वॅट हवा होता.

हे मी मुंबईत ऐकलं. दुकानदारांनी रीतीप्रमाणे आधी एक झगझगीत इंग्रजी रेकॉर्ड मोठ्याने लावली. मी विनंती केली, "आवाज अगदी खाली आणाल का? आणि माझी ही सीडी लावाल?" किशोरीताईंची मैफल होती, सुरुवातीला अर्धा मिनिट नुसती तंबोऱ्याची जोडी. त्यांनी आवाज खाली आणला, मग काहीच न बोलता उठून एसी बंद केला आणि येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. बाहेर रस्ता वाहत होता, तरी खर्जाच्या तारेमागून गंधार आला. दुसऱ्या फेरीला पुन्हा आला, त्याच जागी. मग किशोरीताईंनी सा लावला आणि तो त्या गंधाराला न पुसता त्याच्या शेजारी उभा राहिला. ३००बी इतका गळा जवळ आला नाही हे मान्य. पण गळा, तंबोरा आणि दोघांच्या मधली हवा, तिघं आपापल्या जागी होते. आम्ही दोघांनी ती सीडी तशीच शेवटपर्यंत ऐकली. हेच घ्यायचं, हे माझं तिथे ठरलं.

मग उरले व्यवहाराचे प्रश्न, आणि त्यातला विजेचा सगळ्यात महत्त्वाचा. बहुतेक व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट हवेत, फार तर दहा टक्के इकडे-तिकडे. २२० व्होल्टसाठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला आपल्या सोसायटीतले रात्रीचे २५० मिळाले की ६.३ चे जवळजवळ ७.२ होतात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य झपाट्याने आटतं. त्यामुळे यंत्र २३० किंवा २४० व्होल्टचंच मागून घ्यावं, आणि वीज फारच चढ-उतार करत असेल तर चांगला स्टॅबिलायझर लावावा. परदेशातून कुणी आणून देणार असेल तर आणखी एक बघायचं. जपानी यंत्र १०० व्होल्टचं असलं तरी सहसा ५० आणि ६० हर्ट्झ दोन्हींना चालतं, कारण जपानच्या पूर्व भागात ५० आणि पश्चिम भागात ६० हर्ट्झची वीज आहे. अमेरिकेचं केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेलं यंत्र मात्र आपल्या ५० हर्ट्झवर व्होल्ट बरोबर करून दिले तरी तापतं. त्याच्या ट्रान्सफॉर्मरला तेवढं लोखंडच दिलेलं नसतं. पुन्हा काकांचं लोखंड!

उन्हाळ्याचं काय, हेही विचारतात. एका ईएल३४ चा नुसता हीटरच साडेनऊ वॅट खातो, आणि सगळं यंत्र मिळून दीडशे-दोनशे वॅटची उष्णता खोलीत सोडतं. एप्रिलमध्ये ती जाणवते. मला त्याहून जास्त खुपतो तो पंखा. पाचवर फिरणारा पंखा स्वयंभू गंधार सहज गिळतो. म्हणून आमच्याकडे खरं ऐकणं उशिरा रात्री, पंखा एकवर, नाहीतर दिवाळीपासून शिमग्यापर्यंत.

व्हॉल्व्ह मिळतील का, ही शंका मलाही होती. ईएल३४ निवडण्यामागे तेही एक कारण होतं, कारण तो आजही स्लोव्हाकियात जेजे, रशियात सारातोव्हचा कारखाना आणि चीनमधले कारखाने बनवतात. २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा काही महिने किमती भडकल्या आणि एकाच देशावर विसंबणाऱ्यांची पंचाईत झाली. मुल्लार्ड हे जुनं इंग्रजी नाव आज ज्या नव्या व्हॉल्व्हवर छापलेलं दिसतं ते सारातोव्हला बनतात, हेही माहीत असलेलं बरं. आपल्याकडे १९६० च्या दशकात बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनी फिलिप्सच्या सहकार्याने व्हॉल्व्ह बनवू लागली होती. त्यांचे 'बेल' छापाचे छोटे व्हॉल्व्ह लॅमिंग्टन रोडवर अजून अधूनमधून सापडतात आणि चंदेरी डाग बघून घेतले तर उत्तम चालतात. काकांच्या कपाटात त्यांचा एक डबा आहे, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून ठेवलेला. पॉवर व्हॉल्व्ह साधारण दोन-तीन हजार तास चालतात. रोज दोन तास ऐकणाऱ्याला तीन-चार वर्षं. चारांचा जुळवलेला एक संच जादा घेऊन ठेवावा, त्यापेक्षा जास्त साठा करायची गरज मला वाटत नाही.

मला एक गोष्ट मात्र राहून गेल्यासारखी वाटते. ३००बी मी ऐकला तो त्याच्या जोडीच्या स्पीकरवर नव्हे. क्लिप्शहॉर्नसारख्या १०० डेसिबलच्या वरच्या हॉर्न स्पीकरवर त्याला आठ वॅट पुरून उरतील, थाप बोथट होणार नाही. खर्जाचं काय होईल हे तिथेच कळेल. पुण्यात कुणाकडे अशी जोडी असेल आणि एखाद्या संध्याकाळी आम्हाला बोलावता आलं, तर मन्सूरांची तीच रेकॉर्ड घेऊन येईन. काळी एकमध्ये लावलेला तंबोराही आणेन, आणि आईही यायला तयार आहे.